पहिलं शीड घेताना : इंदूरच्या पालकांसाठी

आपल्या घरात समुद्राशी कोणाचा संबंध नसतो. रामबाग, लोकमान्यनगर, राजेंद्रनगर, सुदामानगर, कुठल्याही मराठी घरात विचारा, शीड हा शब्द शाळेच्या पुस्तकातच भेटलेला असतो. मग एक दिवस मुलगी भोपाळच्या बड्या तलावावर उन्हाळी शिबिराला जाते, परत येते तेव्हा तळहाताला दोरीचे घट्टे पडलेले असतात, आणि वर्षभरात कोच सांगतात, ‘‘आता हिला स्वतःचं शीड घ्या.’’ आमच्याकडे असंच झालं. नवरा म्हणाला, किती रुपये? मी म्हणाले, आधी काय घ्यायचं ते तरी कळू दे. ते कळायला मला तीन वर्षं आणि एक चुकीची खरेदी लागली. तुमचा तेवढा वेळ आणि पैसा वाचावा म्हणून हे लिहिते आहे.

हा खेळ आपल्यापासून लांबचा आहे असं मात्र मनात आणू नका. २०१८च्या आशियाई स्पर्धेत लेझर ४.७ या एकट्याने चालवायच्या होडीच्या प्रकारात कांस्यपदक मिळवणारी हर्षिता तोमर होशंगाबादची, म्हणजे आताच्या नर्मदापुरमची. २०२३ साली हांगझोऊला झालेल्या आशियाई स्पर्धेत मुलींच्या आयएलसीए ४ (लेझर ४.७चंच आताचं नाव) प्रकारात रौप्यपदक मिळवणारी नेहा ठाकूर तर आपल्या शेजारच्या देवास जिल्ह्यातली, शेतकऱ्याच्या घरातली. दोघी भोपाळच्या तलावावर तयार झाल्या.

आधी होडी कोणती ते पक्कं करा

लहान मुलं बहुतेक ठिकाणी ऑप्टिमिस्टवर शिकतात. १९४७ साली अमेरिकेत फ्लोरिडाच्या क्लिअरवॉटर गावी क्लार्क मिल्स यांनी ही होडी आखली. २.३६ मीटर लांब, नाक चपटं, दिसायला थेट न्हाणीघरातल्या टबासारखी. ज्या वर्षी मूल १५ वर्षांचं होतं, त्या वर्षाच्या अखेरपर्यंत ती स्पर्धेत चालवता येते. त्यानंतर बरीच मुलं आयएलसीएकडे वळतात. जुने लोक तिला अजून लेझरच म्हणतात.

हा फरक आधी समजून घ्यायचं कारण असं, की दोन्हींची खरेदी अगदी वेगळी आहे. आयएलसीएमध्ये निवडीला वावच नाही. सगळ्यांचं शीड एकाच आराखड्याचं, क्लासने, म्हणजे त्या होडीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, परवानगी दिलेल्या मोजक्या कारखान्यांतूनच घ्यायचं. होडीचा सांगाडा तोच राहतो, बदलतं ते शीड आणि डोलकाठीचा खालचा भाग : आयएलसीए ४ ला ४.७ चौरस मीटर, ६ ला ५.७६, ७ ला ७.०६. तुम्ही फक्त आकार ठरवायचा, आणि स्पर्धेला चालणारं हवं की नुसतं सरावाचं, एवढं बघायचं. सरावाची शिडं स्वस्त मिळतात, दिसतातही तशीच, पण त्यांच्यावर क्लासची अधिकृत खूण नसते आणि स्पर्धेत ती चालत नाहीत. विकणाऱ्याला हा प्रश्न सरळ विचारा आणि उत्तर लेखी घ्या. आयएलसीएचं माझ्याकडे सांगण्यासारखं एवढंच.

ऑप्टिमिस्टचं तसं नाही. तिथे नियमाने माप बांधून दिलेलं आहे, पण त्या मापात शीड कसं कापायचं, पोट किती ठेवायचं, कापड कोणतं घ्यायचं हे शीड करणाऱ्यावर आहे. नॉर्थ, ऑलिम्पिक, जे सेल्स, वन सेल्स अशी नावं तलावावर कानावर पडतील, आणि प्रत्येकाचे तीन-चार प्रकार. नवखा पालक गडबडतो तो इथेच. म्हणून पुढचं सगळं ऑप्टिमिस्टबद्दल.

चार शब्द शिकून घ्या

कोचशी आणि दुकानदाराशी बोलताना हे शब्द लागतातच. ऑप्टिमिस्टचं शीड चौकोनी असतं. डोलकाठीला बांधलेली पुढची कड म्हणजे लफ, मागची मोकळी कड लीच, खाली आडव्या काठीला, म्हणजे बूमला, बांधलेली ती फूट. चार कोपरे : खाली पुढे टॅक, खाली मागे क्ल्यू, वर पुढे थ्रोट आणि सगळ्यात उंच ते पीक. पीकला एक तिरकी काठी वर ढकलून धरते, ती स्प्रिट. लीचच्या बाजूला दोन खिशांत दोन पट्ट्या असतात, त्या बॅटन. आणि वारा भरल्यावर शिडाला जो फुगवटा येतो त्याला आम्ही घरात पोटच म्हणतो. कोचनाही तो शब्द कळतो.

जुनं शीड खरंच संपलं आहे का?

शीड फाटलं म्हणजे संपलं, असं मला वाटायचं. फाटलेलं शिवता येतं. शीड संपतं ते आतून, आणि ते समजायला मला आमच्या अण्णांनी मदत केली. अण्णा म्हणजे माझे सासरे. एम. टी. क्लॉथ मार्केटमध्ये त्यांनी चाळीस वर्षं कापड हाताळलं आहे. क्लबचं जुनं शीड एकदा दुरुस्तीला घरी आलं होतं. अण्णांनी त्याचा कोपरा अंगठा आणि बोटात धरून चोळला, कानाजवळ नेला, मग मला म्हणाले, ‘‘सूनबाई, ह्याची खळ गेली आहे.’’

शंभर टक्के खरं होतं ते. शिडाचं कापड म्हणजे घट्ट विणलेलं पॉलिएस्टर, त्याला डॅक्रॉन म्हणतात. कुठलंही विणलेलं कापड उभ्या आणि आडव्या धाग्याच्या दिशेने फारसं ताणत नाही, पण उरेब, म्हणजे तिरकं, धरून ओढलं की लांबतं. झबल्याच्या गळ्याला उरेब पट्टी लावणाऱ्या प्रत्येक बाईला हे ठाऊक असतं. शिडावर वारा सगळ्या दिशांनी ओढतो, उरेबसुद्धा. तो ताण सहन व्हावा म्हणून कापडात रेझिन मुरवतात. तीच शिडाची खळ. फरक एवढाच, की आपल्या सुती साडीला धुतल्यावर पुन्हा खळ घालता येते, शिडाला नाही. ऊन, वाऱ्यात फडफडणं आणि घड्या, या तिघांनी ती मोडते. मोडली की कापड उरेब दिशेने लांबायला लागतं, पोट मागे सरकतं, आणि होडी वाऱ्याकडे, म्हणजे वारा येतो त्या बाजूला, नीट चढेनाशी होते. मूल तेवढंच जोर लावतं आणि मागे पडतं.

तपासायचं कसं? शीड हातात चोळून बघा. नव्याचा आवाज कोऱ्या नोटेसारखा कडकड येतो, जुनं गप्प असतं, फडक्यासारखं. मग उन्हाकडे धरून बघा : शिवणीजवळ, बॅटनच्या खिशांच्या टोकाशी बारीक भोकं दिसतात का. लफच्या कडेची भोकं गोल आहेत की ओढली जाऊन लांबट झाली आहेत. आणि शेवटचं, सगळ्यात खरं : कोचच्या बोटीतून एक फोटो मागा, मूल वाऱ्याकडे चढत असताना बूमच्या मधोमध खालून वर बघत काढलेला. सगळ्यात खोल जागा मधल्याच्या मागे, लीचकडे सरकलेली दिसली तर शीड गेलं. ती जागा पुढे असेल आणि लीच नुसती थरथरत असेल, तर शीड बदलायची गरज नाही. लीचच्या दोरीचा ताण बघून घ्या.

क्लबचं शीड शिकायला वर्ष-दीड वर्ष आरामात पुरतं. मूल अजून होडी उलटी झाल्यावर सरळ करायला शिकत असेल, तर नवं शीड घेऊ नका. त्या काळात शीड चिखलातून, दगडावरून, दुसऱ्या होडीच्या नाकावरून जातं.

वजनकाटा काढा

माझी चूक इथे झाली, म्हणून इथे थांबते. दुसऱ्या शहरातल्या एकाने फोनवर सांगितलं, जवळजवळ नवं शीड आहे, मोठ्या नावाचं आहे, निम्म्या किमतीत देतो. मी कोचना न विचारता घेतलं. लेक तेव्हा ३३ किलोची. शीड होतं भारी मुलासाठी कापलेलं, भरपूर पोटाचं. मंद वाऱ्यात छान चाललं. जुलैत भोपाळच्या तलावावर पावसाळी वारा सुटला आणि तिला ते आवरेना. होडी एका बाजूला कलायची, ती शीड सैल सोडायची, सोडलं की वेग जायचा, तोवर आत पाणी. त्या दिवशी ती अर्धा वेळ पाणीच उपसत होती. किनाऱ्यावर आली तेव्हा ओठ निळे पडले होते. म्हणाली, ‘‘आई, मला जमतच नाही गं.’’ तिला जमत होतं. मी शीड चुकीचं दिलं होतं.

तर नियम साधा आहे. हलक्या मुलाला सपाट शीड, भारी मुलाला पोटाचं शीड. पोट जास्त म्हणजे ताकद जास्त, आणि ती ताकद पेलायला अंगात वजन हवं. बहुतेक शीडवाले प्रत्येक प्रकारापुढे किलोचा पल्ला देतात. साधारण हलकं, मधलं आणि भारी असे तीन भाग असतात, आणि ३५ ते ४५ किलोच्या मधल्या मुलांचीच निवड सगळ्यात नाजूक. वजन करताना मुलाला ओल्या कपड्यांसह, जाकिटासह धरू नका. पल्ला अंगच्या वजनाचा असतो. पण पुढच्या आठ-दहा महिन्यांत वजन कुठे जाईल याचा अंदाज मात्र धरा. मागच्या दोन वर्षांची शाळेच्या आरोग्यकार्डावरची वजनं काढून बघा. मूल पल्ल्याच्या वरच्या टोकाला असेल तर पुढचा प्रकार घ्या, मधोमध असेल तर आहे तोच. दोन वर्षं चालेल म्हणून मोठं घेणं इथे चालत नाही. गणवेश ढगळ चालतो, शीड नाही.

वजनासोबत दोन गोष्टी कोचना विचारा : मूल बहुतेक कोणत्या पाण्यावर खेळणार, आणि काठावर बाहेर झुकून होडी सपाट धरायची ताकद किती आहे. भोपाळचा तलाव, हैदराबादचा हुसेनसागर आणि मुंबईचं बंदर यांचं पाणी वेगवेगळं. मुंबईला लाटा असतात, आणि लाटेतून होडी ओढायला थोडं पोट लागतं. एकच शीड घ्यायचं असेल तर घरच्या तलावाला जमेल ते घ्या. सराव तिथेच होतो.

कापाबद्दल एक ओळ. आडव्या पट्ट्या जोडून केलेलं शीड आणि कोपऱ्यांतून किरणांसारख्या पट्ट्या निघणारं शीड असे दोन प्रकार दिसतील. दुसरं दिसायला देखणं आणि किमतीला चढं. पहिल्या शिडाला आडव्या पट्ट्यांचंच घ्या. सोसायला बरं आणि जुळवायला सोपं.

नवं की वापरलेलं

वापरलेलं घेण्यात काही कमीपणा नाही. दरवर्षी काही मुलं वयाने ऑप्टिमिस्टमधून बाहेर पडतात, त्यांची शेवटची शिडं चांगली असतात. पण ती बहुधा मोठ्या, भारी मुलांची असतात, हे आता तुम्हाला माहीत आहे. घेताना तीन गोष्टी हातात धरून बघा : क्लासचं अधिकृत लेबल जागेवर आहे का, मोजणी केलेल्या अधिकाऱ्याची सही-शिक्का टॅकजवळ आहे का, आणि कापड कडकडतं का. शीड किती तास वापरलं हे विचारा. किती महिने झाले ते विचारू नका. कपाटात दोन वर्षं गुंडाळून पडलेलं शीड सहा महिने रोज उन्हात फडफडलेल्या शिडापेक्षा कितीतरी चांगलं. फोनवरच्या फोटोवर घेऊ नका. इंदूरहून देवास, आष्टा, सिहोर करत भोपाळला जायला चार तास लागतात. ते चार तास घाला.

नवं घेणार असाल तर भाव काही शे युरोंत सांगितला जातो. त्यावर वाहतूक, सीमाशुल्क आणि जीएसटी. विकणाऱ्याला ‘घरपोच, सगळं धरून किती’ असंच विचारा, नाहीतर कुरिअरवाला दारात उभा राहून वेगळी रक्कम मागतो. परदेशातून स्वतः मागवत असाल तर पावतीवर मालाचं वर्णन ‘होडीचं शीड’ असं स्पष्ट हवं. सीमाशुल्काच्या वर्गवारीत शिडाला स्वतःचा कोड आहे, ६३०६ ३०. नुसतं ‘क्रीडासाहित्य’ किंवा ‘कापड’ लिहिलेलं पार्सल अडकून पडतं. क्लबातल्या तीन-चार पालकांनी मिळून एकत्र मागवलं तर वाहतूक वाटली जाते, आणि भारतात शीड आणून देणारे विक्रेतेही अशा ऑर्डरला भाव कमी करतात.

वेळेचं भान ठेवा. स्पर्धेच्या आधी निदान दोन-तीन महिने ऑर्डर जायला हवी. शीड ऑर्डरनंतर शिवलं जातं, मग समुद्र किंवा विमान, मग कस्टम. आणि आल्यावर मुलाला त्याची सवय व्हायला वेळ हवा. स्पर्धेच्या आदल्या दिवशी कोरं शीड कधीच लावू नका.

ऑर्डर देताना एवढं लिहून पाठवा : मुलाचं वजन आणि उंची, प्रकाराचं नाव, बॅटन आणि पिशवी सोबत येतात का, क्लासचं लेबल लावून येणार का, आणि खिडकी हवी की नको. शिडातल्या पारदर्शक तुकड्याला खिडकी म्हणतात. पलीकडून येणारी होडी त्यातून दिसते. नवशिक्या मुलाला ती घ्याच.

शीड घरी आलं

हॉलमधलं सामान सरकवा, फरशी पुसून कोरडी करा, मग उलगडा. पाय ठेवू नका, मांजर असेल तर बाहेर काढा. बॅटन मोजा, ते खिशात पूर्ण जातात का बघा. शिवणीवरून बोट फिरवा. कोपऱ्यांची जाड थिगळं बघा. काही चुकलं असेल तर त्याच दिवशी फोटो काढून कळवा. एकदा पाण्यात गेलेलं शीड कोणी परत घेत नाही.

मग नंबर. भारताची अक्षरं आयएनडी आणि त्याखाली होडीचा आकडा, तो क्लबकडून किंवा कोचकडूनच घ्या, मनाने लावू नका. अंक साधारण २३० मिमी उंच असतात. शिडाच्या दोन्ही बाजूंना वेगळ्या उंचीवर लावायचे : उजव्या बाजूचे वर, डाव्या बाजूचे खाली. आम्ही पेन्सिलीने फिकट रेघ आखली, अंक एका कडेने चिकटवत गेलो आणि जुन्या बँक कार्डाने दाबत हवा काढली. दोघे जण लागतात. अण्णा चष्मा लावून रेघ सरळ आहे का ते बघत होते. वापरलेल्या शिडाचे जुने अंक काढायचे असतील तर हेअर ड्रायरची कोमट हवा द्या आणि नखाने सोडवा. ब्लेड लावू नका.

होडीला बांधताना

हे काम मुलालाच करू द्या, तुम्ही बघा. लफ आणि फूट बारीक दोऱ्यांनी काठ्यांना बांधायची असते, प्रत्येक भोकातून एक, रीफ नॉट नावाच्या गाठीने. शीड आणि काठी यांच्यात १० मिमीपेक्षा जास्त फट नियमात बसत नाही, आणि थ्रोटचा कोपरा डोलकाठीवर आखलेल्या दोन पट्ट्यांच्या मध्येच यायला हवा. सगळ्या गाठी एकसारख्या घट्ट करायच्या नसतात. मधल्या किती सैल ठेवल्या यावर पोट कमी-जास्त होतं. पहिल्या दिवशी मात्र सगळ्या सारख्या ठेवा.

स्प्रिटचं गणित सुरकुती सांगते. थ्रोटपासून क्ल्यूपर्यंत तिरकी सुरकुती पडली तर स्प्रिट सैल आहे, वर ढकला. पीकपासून टॅककडे पडली तर जास्त ताणलंय, सोडा. लेकीने हे दोन दिवसांत पाठ केलं. मला किनाऱ्यावरून ओळखायला महिना लागला, पण आता दुर्बिणीशिवाय दिसतं.

कोरं शीड पहिल्यांदा मंद वाऱ्यात, तास-दीड तास चालवायचं, म्हणजे शिवणी आणि कापड हळूहळू जागेवर बसतात. सोसाट्याच्या वाऱ्यात पहिल्या दिवशी नेऊ नका.

रोजचं सांभाळणं

किनाऱ्यावर उभ्या होडीत शीड फडफडत ठेवून मुलं समोसे खायला जातात. हे थांबवा. नुसतं फडफडण्याने जेवढी खळ मोडते तेवढी चालवून मोडत नाही. उतरली की स्प्रिट सोडायची, शीड गुंडाळायचं. मुंबईहून आलात तर गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. मीठ राहिलं तर ते ओलावा धरतं आणि शीड खराब करतं. भोपाळच्या पाण्याला नुसतं वाळवणं पुरतं. साबण, वॉशिंग मशीन, इस्त्री, काही नाही. वळी करायची ती बॅटनच्या समांतर, वरून खाली. घडी घालायची नाही. ती वळी लांब होते. आमच्या गाडीत ती डिकीतून पुढच्या सीटपर्यंत येते, आणि शेजारी बसणाऱ्याला चार तास वाकून बसावं लागतं. अण्णा बसतात.

स्पर्धेसाठी नवं, सरावासाठी जुनं, हे घरात ठरवून टाका. माझं ते चुकीचं शीडही वाया गेलं नाही. लेक ४५ किलोची झाली तेव्हा ते तिच्या सरावाला आलं. पिशवीच्या आतल्या झाकणावर आम्ही खडूने नाही, कपड्यावर लिहायच्या पेनाने तारीख आणि तास लिहितो, प्रत्येक खेपेला. आजचा आकडा ६२ आहे.